धातूच्या पोटातील दोष आणि ध्वनीची परीक्षा



माठ विकत घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो. बद्द आवाज आला की त्याला तडा आहे असे समजतो. जाड पोलादाच्या पोटातील केसासारखी चीर मात्र अशा नादाने कळत नाही. तिच्यासाठी सेकंदाला २०,००० हून अधिक कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी योजावा लागतो.

या कामाच्या संवेदकात एक विशिष्ट चकती असते. तिला वीज दिली की ती कंप पावते. परतलेला ध्वनी तिच्यावर आदळला की तिच्यात वीज उत्पन्न होते. दाबामुळे स्फटिकात वीज उत्पन्न होते, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखविले होते.

पोलादातून हा ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जातो. ३० मिलिमीटर जाडीच्या प्लेटच्या तळावर आदळून परत येण्यास त्याला सुमारे १० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी १० भाग, लागतात. प्रतिध्वनी ४ मायक्रोसेकंदांतच आला, तर सुमारे १२ मिलिमीटर खोलीवर काहीतरी आडवे आले आहे, असे समजावे. पोलाद लाटताना आत राहिलेली मळी चपटी होऊन असा थर बनतो.

संवेदक आणि धातू यांच्यामध्ये हवा राहिली तर ध्वनी आत शिरत नाही. म्हणून तेथे पाणी किंवा तेल लावतात. ध्वनीच्या दिशेला समांतर असलेली चीर प्रतिध्वनी देत नाही. म्हणून ध्वनी तिरपा सोडूनही तपासणी करावी लागते.

आपले बऱ्हाणपूर मुंबई–इटारसी लोहमार्गावर आहे. भारतीय रेल्वेत रुळांची परीक्षा याच तत्त्वावर होते. रुळांवरून ढकलत नेण्याच्या गाडीत सरळ आणि तिरपा ध्वनी सोडणारे संवेदक बसविलेले असतात. थंडीत रूळ आकुंचन पावू पाहतात, त्यांच्यावरील ताण वाढतो आणि आतील चिरेच्या जागी रूळ तुटण्याचा धोका संभवतो. ती चीर वेळीच सापडली तर रूळ बदलता येतो व शेकडो प्रवाशांचे प्राण सुरक्षित राहतात.

तथापि यंत्र केवळ प्रतिध्वनी दाखविते. त्याचा अर्थ प्रशिक्षित मनुष्यच लावतो. म्हणून ज्ञात दोष असलेल्या नमुन्यावर यंत्र प्रथम पारखून घेणे आणि प्रत्येक नोंद प्रामाणिकपणे करणे, हे या कामातील मुख्य कर्तव्य होय. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना प्रतिध्वनी शिकविताना हा उपयोग अवश्य सांगावा. तसेच तुटलेला रूळ कोणा ग्रामस्थाच्या दृष्टीस पडल्यास त्याने विनाविलंब जवळच्या रेल्वे कर्मचाऱ्यास कळवावे, ही विनंती.