दृष्टिपटलाची राखण

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आरोग्याविषयी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. विषय घरच्या अनुभवातूनच सुचला. आमच्या मातोश्री एकदा म्हणाल्या, "दाराची चौकट वाकडी का रे दिसते?" वय झाले, असे म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेले. सहा महिन्यांनी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो, तोवर एका डोळ्याची मधली दृष्टी गेली होती. ही चूक सर्वस्वी आमची. ती आपणांकडून घडू नये, एवढ्यासाठी हे निवेदन.

डोळ्याच्या आत पाठीमागे दृष्टिपटल असते. वजनाच्या मानाने प्राणवायूचा एवढा खप करणारे अवयव शरीरात फार थोडे. त्यावर सतत प्रकाश पडतो, आणि तेथील पेशींत सहज बिघडणारे स्निग्ध पदार्थ विपुल असतात. या तिहींच्या योगाने मुक्त मूलके नामक उपद्रवी कण निपजतात व पेशींची झीज करतात. तेल खवट व्हावे, तसाच हा प्रकार. त्यास आवर घालणारी द्रव्ये म्हणजे प्रतिऑक्सिडीकारके : क व ई जीवनसत्त्वे, तसेच दृष्टिपटलाच्या मध्यावरील पीतबिंदूस पिवळा रंग देणारी ल्युटीन व झिआझँथिन. ही शरीरात तयार होत नाहीत; पालेभाज्या, मका, अंड्याचा बलक यांतून ती मिळवावी लागतात.

मग गोळ्या सर्वांनीच घ्याव्यात काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. क व ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटीन, जस्त व तांबे यांच्या मिश्रणाने, पीतबिंदूचा विकार मध्यम अवस्थेस पोचलेल्यांत तो बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला. ज्यांचा विकार नुकताच सुरू झाला होता, त्यांना असा लाभ दिसला नाही. मोतीबिंदूही टळला नाही. पुढे २०१३ च्या प्रयोगात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत, विशेषतः पूर्वी धूम्रपान केलेल्यांत, फुप्फुसाचा कर्करोग अधिक आढळला. म्हणून त्याच्या जागी ल्युटीन १० व झिआझँथिन २ मिलिग्रॅम योजण्यात आले. तात्पर्य, औषध खरे, पण ते ज्याचे त्यालाच.

आपल्या वैद्यकीय निधीतून सर्व वृद्धांस अशा गोळ्यांच्या बाटल्या वाटाव्यात, अशी सूचना आली आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु तोच पैसा नेत्रपरीक्षेस खर्च व्हावा, असे आम्ही नम्रपणे सुचवितो. कोणास गोळी हवी, हे त्या परीक्षेनेच कळेल. विकाराच्या ओल्या प्रकारात तर डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने वेळेवर मिळणे हाच दृष्टी राखण्याचा मुख्य उपाय होय.

तोवर प्रत्येक घरी एवढे व्हावे : ताटात पालेभाजी असावी, विडी-सिगारेट सुटावी, आणि वडीलधाऱ्यांस खिडकीसमोर बसवून, चष्मा असल्यास तो लावून, एकेक डोळा झाकून गज सरळ दिसतात का, हे विचारावे. वाकडे दिसतात असे उत्तर आले, तर त्याच आठवड्यात वैद्य गाठावा. आमच्याप्रमाणे हसू नये.