गाडी ठेवायची की बदलायची?

(आकाशवाणीवरून केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

गेली तीन वर्षं आमच्या घरात रविवारचा एक विषय ठरलेला आहे. चहा झाला की बायको दाराबाहेर बघते आणि विचारते, ‘मग, काय ठरलं?’ तिचा रोख माझ्या पुढच्या कवितासंग्रहाकडे नसतो, हे मला एव्हाना कळलेलं आहे. तो असतो दारात उभ्या असलेल्या गाडीकडे.

गाडी वॅगन-आर, २००६ची. परवा मीटरवर २,४१,३८६ किलोमीटर झाले. पहिले मालक सांगलीचे एक डॉक्टर. त्यांनी ती पाच वर्षांत ५२ हजार चालवली आणि २०११मध्ये मला विकली. बाकीचं अंतर आमचं. त्यातलं निम्मं नोकरीच्या येण्याजाण्याचं, उरलेलं लग्नकार्यं, दवाखाने आणि कविसंमेलनं यांचं. कविसंमेलनात मानधनाचं पाकीट मिळतं, पण ते बहुतेक वेळा परतीच्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावरच फोडावं लागतं.

कवीला हिशेब येत नाही असा एक समज आहे. तो कवींनीच पसरवला असावा, कारण सोयीचा आहे. मी मात्र गाडी घेतल्या दिवसापासून एक दोनशेपानी वही ठेवलीय. कुठे किती पेट्रोल भरलं, ऑइल कधी बदललं, क्लच प्लेट कधी टाकली, सगळं तारखेनिशी. तेव्हा ‘काय ठरलं?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला माझ्याइतका तयार माणूस मिरजेत नसेल, अशी माझी समजूत होती.

सल्ले देणारे पुष्कळ भेटले. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, ‘पंधरा वर्षं झाली की गाडी सरकार भंगारात घालतं.’ हे त्यांनी दिल्लीच्या बातम्यांत ऐकलेलं. जुन्या गाड्यांवर वयाची बंदी आली ती दिल्ली आणि भोवतालच्या परिसरात, तिथल्या हवेमुळे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते हे खरं, पण आरटीओच्या तपासणीत गाडी पास झाली तर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्या टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे. खासगी गाडीचं तसं नाही. मात्र जुनी गाडी ठेवणं सरकारनं महाग केलंय. २०२१मध्ये मी पहिल्यांदा नूतनीकरण केलं तेव्हा नोंदणीचं शुल्क ६०० रुपये होतं. एप्रिल २०२२पासून ते पाच हजार झालं आणि ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेनं वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. माझ्या गाडीची मुदत सप्टेंबर २०२६ची, म्हणजे दहा हजारांच्या रांगेत आम्हीच.

दुसरा सल्ला एका हिशेबी मित्राचा. ‘दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला की गाडी काढून टाकायची.’ ऐकायला अगदी चोख वाटतं. मलाही वाटलं होतं. या वेळी क्लच, पुढची लोअर आर्म, शॉकॲब्सॉर्बर आणि दोन टायर मिळून ४६ हजारांचा अंदाज निघाला, आणि गाडीला गिऱ्हाईक सांगत होतं ४५ हजार. म्हणजे नियमाप्रमाणे निकाल लागला.

पण वही घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, की ही तुलनाच चुकीची आहे. माझ्या गाडीची बाजारात काय किंमत आहे याच्याशी मला काय करायचंय? ती विकून मिळणाऱ्या ४५ हजारांत मला दुसरी चालती गाडी कोण देणार आहे? दुरुस्तीच्या समोर ठेवायचा तो दुसऱ्या गाडीचा खर्च.

तो मांडून बघितला. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, गाड्या थोड्या उतरल्या. तरी माझ्या पसंतीची गाडी रस्त्यावर यायला सहा लाखांच्या घरात जात होती. त्यातले पाच लाख नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिना सुमारे १० हजार ४००, वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास. व्याजाचेच एकूण १ लाख २३ हजार. उलट माझ्या वहीत मागच्या तीन वर्षांची दुरुस्ती सरासरी ३१ हजार. माझी गाडी लिटरला १४ जाते, नवी २० जाईल. वर्षाला आठ हजार किलोमीटर धरले तर १७० लिटर पेट्रोल वाचेल, म्हणजे १७-१८ हजार रुपये. हे जुनीच्या खर्चात घातले तरी पन्नास हजारांच्या वर जात नाही. पन्नास हजार एकीकडे, सव्वा लाख दुसरीकडे. शिवाय नवी गाडी शोरूममधून बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते. विम्याच्या कोष्टकात तर हे छापलेलंच असतं: एक वर्ष होईतो १५ टक्के घट, पाच वर्षं होईतो ५० टक्के.

व्याजाबद्दल एक सांगायला हवं. आमचे अब्बा व्याजाला हात लावत नसत, घेण्याच्याही आणि देण्याच्याही. सायकल घेतली तीसुद्धा पैसे साठवून. मी इतका काटेकोर राहिलो नाही, घराला बँकेचं कर्ज काढलं आणि फेडलं. फेडून झालं त्या दिवशी अब्बा हयात नव्हते, तरी मी त्यांच्या कबरीवर जाऊन आलो. त्यामुळे पुन्हा हप्त्यात अडकायचं नाही, असं मनात पक्कं होतं. जुन्या गाडीच्या बाजूनं माझं पारडं झुकलं त्यात या गोष्टीचा वाटा किती आणि वहीचा किती, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही.

मग उस्तादांकडे गेलो. आमचे मिस्त्री आधी एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, आता स्वतःचं गॅरेज आहे. ते म्हणाले, ‘शायरसाहेब, सकाळी आणा, आणि इंजिन गार असताना आणा. तापलेली गाडी आपले दोष लपवते.’ सकाळी त्यांनी स्वतः स्टार्टर मारला आणि मागे जाऊन सायलेन्सरपाशी उभे राहिले. निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय, रिंग-पिस्टनचं किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम आलं. ऑइलचं झाकण उघडून आतून पाहिलं. तिथे साईसारखा पांढरट थर साचत असेल, तर पाणी ऑइलात जात असल्याचा संशय घ्यायचा आणि हेड गॅस्केट तपासायचं. दोन्ही नव्हतं. मग मीटर न बघताच म्हणाले, ‘आकडा बघून गाडी विकू नका. हायवेवर एका दमात झालेले लाख किलोमीटर आणि मार्केटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत झालेले पन्नास हजार, यात मी पहिली गाडी घेईन.’

यानंतर ते पाठीवर झोपून गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. पत्रा बघत होते. इंजिन उतरवून नवं करता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण खालचा पत्रा गंजून सडला की त्याला वेल्डिंगची ठिगळं लावून किती दिवस जाणार? आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तंबोऱ्याचं लाकूड जुनं झालं की आवाजाला गोडी येते, असं तिथले कारागीर सांगतात. पत्र्याचं तसं काही नसतं. उस्ताद बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, ‘डावीकडे सुरुवात झालीय. गावात वापरायला दोन वर्षं बघायला नको.’ इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी ही गाडी बनवलेली नाही म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप तेवढे बदलून टाकले, आणि मी विजयी मुद्रेनं घरी आलो.

हे झालं जूनमध्ये. जुलैतल्या एका रात्री सव्वादहाला लेकीचा फोन आला.

ती परिचारिका आहे. कवठेमहांकाळच्या बाजूला एका दवाखान्यात नोकरीला. दुपारची पाळी असली की रात्री ती एकटी गाडी चालवत मिरजेला येते. ‘अब्बू, काटा वर गेला म्हणून गाडी बाजूला घेतली. बॉनेटमधून वाफ येतेय.’ पाऊस होता. मी उस्तादांना उठवलं, त्यांच्या टेंपोतून निघालो. पोचेपर्यंत एक तास चाळीस मिनिटं गेली. ती काचा वर करून, दारं लॉक करून बसली होती. रेडिएटरचा पाइप फुटला होता. तिनं वेळेवर इंजिन बंद केलं म्हणून हेड वाचलं, नाहीतर मोठं काम निघालं असतं, असं उस्ताद तिला शाबासकी देत म्हणाले.

पाइप साडेतीनशे रुपयांचा. दुसऱ्या दिवशी मी वहीत तसं लिहिलं. एक तास चाळीस मिनिटांसाठी वहीत रकाना नव्हता.

लेक काही बोलली नाही. दुपारच्या पाळीला ती एसटीनं गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. रात्री सुटायला उशीर झाला की कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून स्टँडपर्यंत यायची. आठ दिवसांनी मी म्हटलं, ‘आता गाडी ठीक आहे, सगळे पाइप बदललेत.’ तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘अब्बू, बंद पडायची भीती नाही मला. अपघात झालेले पेशंट आमच्याकडे येतात ना, स्टीअरिंगवर छाती आपटलेले, ते मी बघते. आपल्या गाडीत एअरबॅग नाही.’

इतक्या वर्षांच्या वहीत मी हे एकदाही मांडलं नव्हतं. २००६ची साधी गाडी, एअरबॅग नाही, एबीएस नाही. तेव्हा आपण कुणी विचारतही नव्हतो. एसी आहे का, आणि ॲव्हरेज किती, एवढेच प्रश्न. चालकासाठी एअरबॅग आपल्या देशात सक्तीची झाली जुलै २०१९पासून, शेजारच्या सीटसाठीही ती सगळ्या नव्या गाड्यांत आली २०२१ संपताना. अर्थात पट्टा बांधलेला नसेल तर एअरबॅगचा भरवसा नाही, हेही लेकीनंच सांगितलं. मी गावात चाळीसच्या वेगानं फिरतो, दिवसाउजेडी, आणि उस्ताद हाकेच्या अंतरावर. माझा हिशेब बरोबर होता, पण तो माझ्यापुरता. रात्रीचा रत्नागिरी-नागपूर महामार्ग, बाजूनं जाणारे ट्रक आणि पंचविशीतली मुलगी हे त्यात कुठेच नव्हतं. गाडी तीच, पण माझ्यासाठी ठेवण्याजोगी आणि तिच्यासाठी बदलण्याजोगी.

हप्ता नको आणि एअरबॅग हवी, तेव्हा मार्ग एकच उरला: २०२२ किंवा त्यानंतरची वापरलेली गाडी. घट पहिल्या मालकानं सोसलेली, आपण उरलेल्या किमतीला घ्यायची. यात दीड महिना गेला आणि बऱ्याच गोष्टी शिकलो. मीटर मागे फिरवता येतं, म्हणून मीटरवर विश्वास ठेवायचा नाही. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर बघायचं, स्टीअरिंगचं गुळगुळीत झालेलं कव्हर बघायचं, सर्व्हिसच्या पावत्यांवर प्रत्येक वेळचा आकडा असतो तो जुळवायचा. टायरच्या कडेला चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीस हजार चाललेल्या गाडीला गाडीपेक्षा नवे टायर दिसले तर विचारायचं, का बदलले?

आणि आमच्या भागातली खास गोष्ट म्हणजे पूर. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये कृष्णेच्या पाण्यात सांगलीतल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. पुरातली गाडी धुऊनपुसून नव्यासारखी करता येते. उस्तादांनी युक्ती दाखवली: सीटचा पट्टा पूर्ण शेवटपर्यंत ओढायचा. वरचा भाग स्वच्छ आणि आत गुंडाळलेला भाग मळकट, मातकट रेघ असलेला निघाला, की तिथेच नमस्कार करायचा. स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आणि सीटच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज मिळाला तरी तेच. एक सुंदर पांढरी गाडी आम्ही केवळ त्या पट्ट्यामुळे सोडली. मालक फार सज्जन होते, चहासुद्धा दिला.

शेवटी कोल्हापूरला एका शिक्षिकेची गाडी मिळाली. २०२२ची, ३८ हजार किलोमीटर, दोन एअरबॅग, सगळ्या पावत्या एका पिशवीत. पैशासाठी बायकोनं स्वतःची भिशी मोडली आणि मी एक ठेव. दोघांनीही एकमेकांना आधी सांगितलं नव्हतं.

वॅगन-आरचं नूतनीकरण करायचं नाही, असं ठरलंय. सप्टेंबरात ती नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यायची, तिथलं प्रमाणपत्र आरटीओत द्यायचं आणि नंबर रद्द करून घ्यायचा. भंगारवाल्याला नुसती अशीच दिली तर आपल्या नावावरचा नंबर कुठे फिरेल सांगता येत नाही. तोवर मी ती मंडईत नेतो आणि वाचनालयात नेतो. वहीची अकरा पानं उरली आहेत, ती पुरतील.

नव्या गाडीसाठी मी दुसरी वही आणून लेकीला दिली. ती म्हणाली, ‘हे सगळं फोनमध्ये ठेवता येतं, अब्बू.’ मग परवा दुपारी पाळीला निघण्याआधी तिनं ती दप्तरासारखी गाडीच्या खणात टाकली. संध्याकाळी मी न राहवून विचारलं. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात एकच ओळ होती: हवा, चारही टायर, शिवाय स्टेपनी.