अवधाण आणि आपण

पायाची जखम चिघळली की जांघेत गाठ येते. आपण म्हणतो, ‘अवधाण आलं’. घसा किंवा दाढ दुखली की तशीच गाठ मानेत येते. या लसिका ग्रंथी जंतूंशी लढताना सुजतात आणि बहुधा दोन आठवड्यांत ओसरू लागतात. पण गाठ टिकून राहिली, वाढत गेली, टणक लागली, बोटाने हलेना, किंवा गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर आली, तर डॉक्टरांना दाखवाच. दुखत नाही म्हणून थांबू नका. सोबत ताप, रात्री घाम, घटतं वजन असेल, तर क्षय किंवा क्वचित कर्करोगही असू शकतो. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास झाला, तर लगेच रुग्णालय गाठा.