पंख्याच्या विमानातून



आज आपल्याशी बोलायचं आहे ते लहान शहरांना जोडणाऱ्या विमानांबद्दल आणि ती चालवणाऱ्या वैमानिकांबद्दल. मी एटीआर-७२ या विमानाची कॅप्टन आहे. कोल्हापूर, नांदेड, जळगाव, सिंधुदुर्ग यांसारख्या विमानतळांवर आपण दोन पंख्यांचं विमान पाहिलं असेल, तर ते बहुधा हेच. सत्तरेक प्रवासी, दोन वैमानिक आणि ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेग. मोठी जेट विमानं पस्तीस हजार फुटांवरून जातात. आमचं पंचवीस हजारांच्या वर जात नाही, आणि रोजच्या कामात तर त्याच्याही बरंच खाली असतं.

पंखे दिसले की काही प्रवासी शिडीपाशीच थबकतात आणि विचारतात, "विमान जुनं आहे का?" तर तसं नाही. पंख्याच्या मागे जे इंजिन आहे ते टर्बाइनच आहे, जेटच्याच जातीचं. फरक इतकाच, की त्याची ताकद पंखा फिरवण्यासाठी वापरली जाते. तास-दीड तासाच्या प्रवासात याला इंधन कमी लागतं आणि धावपट्टीही आखूड पुरते. लहान गावाला विमानसेवा परवडते ती या पंख्यांमुळेच.

या विमानात आपण मागच्या दारानं चढता आणि सामान पुढे, आमच्या पाठीमागच्या कप्प्यात ठेवतात. सगळे प्रवासी एकदम मागे चढले तर शेपूट जड होऊन विमान मागे कलू शकतं, म्हणून चढ-उतार चालू असताना शेपटीखाली एक टेकू लावलेला असतो. मोठ्या विमानांच्या शेपटीत जमिनीवर वीज पुरवणारं एक वेगळं छोटं इंजिन असतं. एटीआरमध्ये ते नाही. आम्ही उजवं इंजिन चालू ठेवतो आणि त्याच्या पंख्याला मात्र ब्रेक लावून ठेवतो. म्हणून कधी कधी आपल्याला इंजिनाचा आवाज येतो, पण पंखा हलत नाही. ते बिघाडाचं लक्षण नव्हे, हे मुद्दाम सांगते, कारण हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो.

लहान शहरांपर्यंत विमान नेण्याची धडपड आपल्याकडे जुनी आहे. कोल्हापूरचा विमानतळ १९३९ सालचा, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला. १९८१ मध्ये वायुदूत ही कंपनी याच कामासाठी निघाली, आधी ईशान्य भारतासाठी आणि मग इतरत्रही. १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. २७ एप्रिल २०१७ रोजी, लहान शहरांच्या विमानसेवेला सरकारी अनुदान देणाऱ्या 'उडान' योजनेतली पहिली विमानं निघाली, त्यात सिमला-दिल्लीबरोबर आपलं नांदेड-हैदराबादही होतं. नांदेडची ती सेवा देणारी ट्रूजेट कंपनी २०२२ मध्ये थांबली. देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या, २०२३ च्या अहवालात एक हिशेब आहे. 'उडान'च्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले, त्यातले ३७१ सुरू झाले, ११२ मार्गांनी अनुदानाची तीन वर्षं पूर्ण केली आणि त्यानंतरही टिकले फक्त ५४. आमच्या नोकरीची जमीन ही अशी आहे. आज ज्या गावाचा उतरण्याचा मार्ग हाताला सरावला, ते गाव सहा महिन्यांनी वेळापत्रकात असेलच असं नाही. मार्ग बंद पडतो तेव्हा कागदावरची एक ओळ जाते, पण त्या गावातल्या ज्या रुग्णाला महिन्याला हैदराबाद गाठायचं असतं, त्याची पुन्हा रात्रभराची बस सुरू होते. अनुदान संपण्याआधी त्या मार्गावर प्रवासी कसे टिकतील याचा विचार व्हायला हवा, आणि तो दिल्लीइतकाच त्या त्या जिल्ह्यातही व्हायला हवा, असं मला फार वाटतं.

आता कामाकडे येते. परदेशी जाणारा वैमानिक एकदा उडाला की आठ-दहा तासांनी उतरतो. आमचे एका दिवसात चार सेक्टर असतात, कधी त्याहून जास्त. सेक्टर म्हणजे एक उड्डाण आणि एक उतरणं. विमानप्रवासात वैमानिकावर खरा ताण येतो तो उडताना आणि उतरताना, आणि आमचा दिवस त्यानंच भरलेला असतो. चाळीस मिनिटांचं उड्डाण असेल तर वर स्थिर होऊन जेमतेम दहा-पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात पुढच्या विमानतळाचं हवामान घ्यायचं, वारा कुठून आहे ते पाहायचं, कोणत्या बाजूनं उतरायचं ते ठरवायचं, आणि उतरता आलं नाही तर काय करायचं हे सहकाऱ्याबरोबर मोठ्यानं बोलून घ्यायचं. दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त एक शब्दही बोलायचा नाही, असा नियम आहे. त्यामुळे लहान पल्ल्याच्या उड्डाणात बराचसा वेळ आम्ही दोघं फक्त कामाचंच बोलत असतो.

दोघांपैकी एक जण विमान चालवतो आणि दुसरा लक्ष ठेवतो. हे लक्ष ठेवणं म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हे. वेग पाच नॉटनं कमी झाला तरी त्यानं तोंडानं सांगायचं असतं, समोर कितीही ज्येष्ठ कॅप्टन असो. आपल्या घरात आणि शाळेत मोठ्यांना टोकायची सवय आपल्याला लावलेली नसते. उजव्या बाजूला को-पायलट म्हणून बसणारी तेवीस-चोवीस वर्षांची मुलं सुरुवातीला मला "मॅडम" म्हणून गप्प राहतात. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगते, "माझी चूक दिसली आणि तू बोलला नाहीस, तर ती तुझीही चूक." हे वाक्य त्यांच्या अंगवळणी पडायला काही महिने लागतात.

मोठ्या शहरांच्या विमानतळांवर विमानाला धावपट्टीपर्यंत आणून सोडणारी यंत्रणा असते. कित्येक लहान विमानतळांवर ती नाही किंवा तेवढी अचूक नाही. काही ठिकाणी तर डोळ्यांनी पाहूनच उतरावं लागतं. त्यासाठी साधारण पाच किलोमीटर दृश्यमानता लागते, आणि सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी तो मार्ग बंद होतो. म्हणून सकाळी पहिल्या विमानाला तासभर उशीर झाला की संध्याकाळचं शेवटचं विमान धोक्यात येतं. आपण विमानतळावर चिडून विचारता, "हवा तर स्वच्छ आहे, मग रद्द का?" त्याचं उत्तर पुष्कळदा मावळत्या सूर्यात असतं.

आणि पावसाळा. घाटातली एसटी चालवणाऱ्याला जसं प्रत्येक वळण माहीत असतं, तसं आम्हाला सह्याद्रीवरचे ढग माहीत होत जातात. जेट विमानं बऱ्याच ढगांच्या वरून निघून जातात. आमची उंची बरोबर त्या ढगांच्या मधली. समोरच्या रडारवर लाल ठिपके दिसले की वळसा घ्यायचा, आणि तो किती घ्यायचा हे इंधन पाहून ठरवायचं. इंधन किती न्यायचं याचा हिशेब ठरलेला असतो. ठरलेल्या गावापर्यंतचं, तिथून पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर तीस मिनिटं आकाशात थांबता येईल एवढं. हे शेवटचं इंधन वापरायचं नसतं.

जुलैतला एक दिवस सांगते. कोकणात उतरायचं होतं. सिंधुदुर्गचा विमानतळ चिपीच्या सड्यावर आहे, आणि पावसात सड्यावर ढग येऊन बसतात. पहिल्या प्रयत्नात धावपट्टी दिसली नाही. आम्ही वर आलो, थोडा वेळ घिरट्या घातल्या, पुन्हा खाली गेलो. प्रत्येक विमानतळासाठी एक उंची ठरवून दिलेली असते, तिला आम्ही मिनिमा म्हणतो. त्या उंचीवर पोचल्यावर धावपट्टी दिसलीच पाहिजे. दिसली नाही, तर त्याच क्षणी शक्ती वाढवून वर यायचं. "अजून पन्नास फूट खाली जाऊन पाहू" हा विचार मनात येऊ द्यायचा नाही. जगात उतरताना झालेल्या कितीतरी अपघातांच्या मुळाशी तेच पन्नास फूट आहेत. आम्ही दुसऱ्यांदाही वर आलो आणि गोव्याकडे वळलो.

उतरल्यावर एक गृहस्थ माझ्याजवळ आले. वडिलांच्या बाराव्याला निघाले होते. म्हणाले, "मला खिडकीतून झाडं दिसत होती, घरांची कौलं दिसत होती. मग तुम्हाला कसं दिसलं नाही?" त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि माझंही. खिडकीतून आपण सरळ खाली पाहता, तेव्हा मधे ढगाचा पातळ थर असतो आणि त्यातून जमीन दिसते. मी समोर तिरकं पाहते, आणि त्या तिरक्या रेषेत तोच थर कित्येक पट जाड होतो. पायाखाली कौलं दिसत असतानाही समोरची धावपट्टी पूर्ण नाहीशी झालेली असते. मी हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही, आणि त्या दिवशी होण्यासारखंही नव्हतं. पण तोच निर्णय मी उद्याही घेईन.

निर्णय घ्यायला डोकं ताजं लागतं, म्हणून झोपेबद्दल बोलायलाच हवं. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचं पंख्याचं विमान कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. वेग कमी झाल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टननं उलट कृती केली, असं तपासात निघालं. को-पायलट आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करून कामावर आली होती, कॅप्टन विमानतळावरच्या विश्रांतिकक्षात झोपला होता. थकव्याचा परिणाम झाला असावा, असं तपास यंत्रणेनं नोंदवलं. त्यानंतर तिथले नियम बदलले. आपल्याकडेही जुलै २०२५ पासून वैमानिकाची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आली. यामुळे कंपन्यांना जास्त वैमानिक लागतात आणि खर्च वाढतो, हे खरं आहे. तो खर्च करायलाच हवा. आपल्या तिकिटात थोडे पैसे वाढले तर ते कुणाच्या तरी झोपेचे आहेत, एवढं समजून घ्या.

प्रादेशिक कंपनीत येणारे बहुतेक तरुण इथून पुढे जायला येतात. दोनशे तासांच्या उड्डाणानंतर व्यावसायिक परवाना मिळतो, दीड हजार तास झाले की वरच्या परवान्याचा दरवाजा उघडतो, आणि मग जेटच्या कंपन्या बोलावतात. पगार तिकडे जास्त असतो. मी कुणाला अडवत नाही. तरीही सांगते, दिवसाला चार वेळा, वेगवेगळ्या वाऱ्यात, वेगवेगळ्या धावपट्ट्यांवर उतरून जो हात तयार होतो, तसा दुसरीकडे तयार होत नाही. मी इथे राहिले ती याच कामासाठी. माझ्यासारख्या स्त्री वैमानिकांचं या विमानांशी जुनं नातंही आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये दोन्ही वैमानिक स्त्रिया असलेलं आपल्याकडचं पहिलं प्रवासी विमान उडालं, तेही कलकत्त्याहून सिल्चरला जाणारं पंख्याचंच विमान होतं, फोकर फ्रेंडशिप. कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख, सोबत निवेदिता भसीन. आज मुली कॉकपिटमध्ये बसतात तेव्हा कुणी वळून पाहत नाही, याचं श्रेय अशा उड्डाणांना आहे.

शेवटी, हे भाषण ऐकणाऱ्या आई-वडिलांना आणि त्यांच्या मुला-मुलींना एक विनंती करते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असेल तर वैमानिक होता येतं, चष्मा असला तरी बहुधा चालतं. पण प्रशिक्षणाला लाखो रुपये लागतात आणि त्यासाठी लोक शेत विकतात, घर गहाण ठेवतात. रंग ओळखण्यातला दोष किंवा हृदयाची एखादी लहानशी तक्रार नंतर निघाली, तर तो सगळा खर्च वाया जातो. म्हणून आधी क्लास टू आणि मग क्लास वन वैद्यकीय तपासणी पूर्ण करून घ्या, तिचा निकाल हातात येऊ द्या. मग फ्लाइंग स्कूलला स्वतः भेट द्या, त्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, मान्यता आहे का ते पाहा, आणि तिथे प्रत्यक्ष किती विमानं उडतात हे शिकणाऱ्या मुलांनाच विचारा. हे सगळं झाल्यावरच कर्जाच्या कागदावर सही करा.