पाटीलबावांचे कंपू आणि सैन्याचे दीर्घ नियोजन
(चिकलठाणा येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सैन्याचे आधुनिकीकरण हा दिल्लीच्या मंत्रालयांचा विषय चिकलठाण्याच्या व्यासपीठावर कशाला, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असल्यास तिचे निरसन करणे फारसे अवघड नाही. कारण या विषयाचा जितका बोलका पुरावा आपल्या जालना रस्त्याने निघून ईशान्येकडे वळल्यावर भोकरदन-जाफराबादच्या मुलखात सापडतो, तितका तो मंत्रालयांच्या दप्तरांतही क्वचितच सापडेल. तो पुरावा म्हणजे असई हे गाव. 12 ऑगस्ट 1803 रोजी अहमदनगरचा किल्ला घेऊन महिनाअखेर औरंगाबादेस पोहोचलेला इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली 23 सप्टेंबरला दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेसमोर उभा ठाकला, तो केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या दुबेळक्यात.

पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दिसतात, त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून वेलस्लीने फौज पैलतीरी नेली. आणि आता शत्रूची बगल आपल्या हाती आली असे त्याला वाटत असतानाच शिंद्यांच्या पलटणींनी, हॅनोवरच्या पोलमन नावाच्या सरदाराच्या हुकमतीखाली, नदीकडे असलेले आपले तोंड जवळजवळ काटकोनात फिरवून तोफांसह नवी फळी उभी केली. ही हालचाल कवायती फौजेलाच साधते. पुढे इंग्रजांची रांग तोफखान्यावरून निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले कित्येक गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून डागल्या. वेलस्लीचे दीड हजारांवर लोक ठार वा जखमी झाले. परंतु संध्याकाळी रण त्याच्या ताब्यात होते आणि शिंद्यांच्या शंभराच्या घरातील तोफाही.

मग उणे कशाचे होते? शौर्याचे नव्हते, हे वरील हकिकतीवरून उघड आहे. दारूगोळ्याचेही नव्हते. ज्या महादजी शिंद्यांना लोक पाटीलबावा म्हणत, त्यांनी 1784 मध्ये सॅव्हॉयच्या बेन्वा द बॉइन्यला चाकरीस ठेवून दोन पलटणींपासून जे काम आरंभिले, त्याचे दहा वर्षांत तीन कंपू, म्हणजे ब्रिगेडी, झाले. आग्र्यास तोफा ओतण्याचा कारखाना उभा राहिला. शिपायाला तनखा दरमहा मिळू लागला. आणि या सर्वांच्या खर्चासाठी दुआबातील परगणे जायदाद म्हणून स्वतंत्र लावून देण्यात आले. या शेवटच्या कलमाकडे आपले इतिहासकार पाटण आणि मेडत्याच्या 1790 च्या विजयांच्या वर्णनात रंगून जाऊन पुरेसे लक्ष देत नाहीत. मला मात्र ते कलम दोन्ही विजयांहून मोठे वाटते. कारण तोफ विकत घेता येते, परंतु तोफेला लागणारा वर्षानुवर्षांचा पैसा आगाऊ मुक्रर करून ठेवणे, हे राज्यकर्त्याच्या दूरदृष्टीवाचून होत नाही.

उणे होते ते दुसरेच. महादजी फेब्रुवारी 1794 मध्ये पुण्याजवळ वानवडीस वारले, द बॉइन्य पुढच्या वर्षाअखेरीस चाकरी सोडून गेला, आणि या अवधीत एतद्देशीय अंमलदारांची दुसरी फळी तयारच झाली नव्हती. जायदादीचा वसूल कोषागारात न जाता सेनापतीच्याच हाती राहिल्यामुळे द बॉइन्यचा वारस पेराँ अलीगडास जवळजवळ स्वतंत्र संस्थानिक होऊन बसला. 1803 च्या ऑगस्टात कंपनी सरकारने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील आपल्या लोकांना परत बोलावले, तेव्हा इंग्रज अंमलदार तळ सोडून गेले. त्यांतीलच ल्यूकन नावाच्या एकाने 4 सप्टेंबरला अलीगडच्या दरवाज्यापर्यंत इंग्रजांना वाट दाखविली, आणि पेराँ त्याच सुमारास स्वाधीन झाला. असईची लढाई व्हावयास तेव्हा अजून जवळजवळ तीन आठवडे होते! हे सर्व ठाऊक असूनही 1 नोव्हेंबरला लासवारीस याच पलटणी युरोपियन अंमलदारांवाचून कडव्या झुंजल्या. म्हणजे अंमलदारीस योग्य माणसे त्या पलटणींत होती, त्यांना अंमलदार करण्याची तजवीज तेवढी कोणी केलेली नव्हती.

नोव्हेंबर 1962 मध्ये यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्रिपदावर गेले, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न पाटीलबावांच्या प्रश्नाहून निराळा नव्हता. फरक इतकाच की, अंमलदार घडविणारी खडकवासल्याची प्रबोधिनी त्यांच्या हाताशी आधीच होती. 1964 ते 1969 अशी देशाची पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना त्यांच्या कारकिर्दीत आखली गेली: सव्वाआठ लाखांचे भूदल, 45 स्क्वाड्रनांचे हवाई दल, जुन्या नौकांच्या जागी नव्या नौका, शस्त्रनिर्मितीच्या पायाचा विस्तार, आणि खर्च सुमारे 5,000 कोटी. योजनेच्या दुसऱ्याच वर्षी युद्ध पेटले आणि अमेरिकेने शस्त्रांचा पुरवठा रोखला. तेव्हा शस्त्रनिर्मितीच्या कलमाचे महत्त्व टीकाकारांनाही उमगले असावे.

1964 मध्येच नाशिकजवळ ओझर येथे मिग-21 विमानांचा कारखाना स्थापन झाला. हवाई दलात 1963 मध्ये दाखल झालेल्या त्या विमानाला शेवटचा निरोप मिळाला तो 26 सप्टेंबर 2025 रोजी, चंडीगडास! एका निर्णयाची मुदत बासष्ट वर्षे. इतके आयुष्य त्याला मुळात कोणी नेमून दिले नव्हते. त्याची जागा घेणाऱ्या हलक्या लढाऊ विमानाचे काम 1983 मध्ये मंजूर होऊन पहिले उड्डाण 2001 मध्ये आणि पहिले स्क्वाड्रन 2016 मध्ये झाले, म्हणून जुन्यालाच राबावे लागले, आणि त्याची किंमत कित्येक तरुण वैमानिकांनी प्राणांनी दिली. पुढे 2012 ते 2027 अशी पंधरा वर्षांची एकात्मिक योजनाही झाली; परंतु खरेदीची नुसती यादी आणि खरी योजना यांतील अंतर तिनेही पुरते मिटविले, असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या कारखान्यांतून ज्यांनी साचे आणि सुटे भाग घडविले आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको की, पाच वर्षे मागणीच न आल्यास यंत्र राहते, पण त्यावरचा हात जातो.

राहिला पैशाचा मुद्दा. आपल्या पद्धतीत भांडवली खर्चाची वर्षाकाठी मंजूर झालेली रक्कम 31 मार्चपर्यंत खर्ची पडली नाही, तर ती परत जाते. आणि वाटाघाटी तर पाच-पाच, दहा-दहा वर्षे चालतात. म्हणून पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी 2,38,354 कोटींचा, वर्षाअखेर न बुडणारा आधुनिकीकरण निधी सुचविला आणि सरकारने त्यास तत्त्वतः मान्यताही दिली. मी त्या निधीचा पक्षपाती आहे. मात्र जायदादीचा दाखला देऊन त्याचे समर्थन करणाऱ्यांनी पेराँचाही दाखला वाचावा, इतकी माझी विनंती आहे: निधी अढळ असावा, पण त्याची किल्ली कोषागाराकडे आणि जमाखर्च लोकसभेपुढे असावा, नाहीतर ज्याच्या हाती निधी त्याच्याच सोयीने खरेदी ठरू लागेल.