फॉरमॅट मारण्याआधी



२००८ सालची गोष्ट. आमच्या घरातला संगणक काम करता करता आपोआप बंद पडू लागला. दहा-पंधरा मिनिटं चालायचा आणि पडदा काळा. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं दोनदा बटण दाबून पाहिलं आणि म्हणाला, "व्हायरस आहे, साहेब. फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट म्हणजे नेमकं काय, हे मला ठाऊक नव्हतं. विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल, म्हणून मी म्हटलं, "मारा." दुपारपर्यंत संगणक कोरा करकरीत झाला. त्याबरोबर माझ्या वडिलांच्या आवाजात साठवलेल्या आठवणीही पुसल्या गेल्या. त्यांच्या गावची शाळा, बोटीनं केलेला मुंबईचा पहिला प्रवास, सगळं मी त्यांना बोलतं करून रेकॉर्ड केलं होतं. आणि वडील तर वर्षभरापूर्वीच गेले होते.

चार दिवसांनी संगणक पुन्हा बंद पडू लागला. दुसऱ्या कारागिरानं खोकं उघडून दाखवलं. आतल्या पंख्यावर आणि त्याखालच्या धातूच्या पात्यांवर धुळीची गोधडी पसरली होती. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून संगणक स्वतःच बंद होतो. दहा मिनिटांत ब्रशनं धूळ झाडली आणि दुखणं गेलं. आवाज मात्र गेला तो गेलाच.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. यंत्र बाजारात पुन्हा मिळतं, आतलं मिळत नाही. म्हणून दुरुस्तीचा पहिला प्रश्न, "काय बिघडलं?" हा नसून, "आत जे आहे त्याची दुसरी प्रत आहे का?" हा असतो. त्यानंतर घाई न करता साध्याकडून अवघडाकडे जायचं. त्यातल्या काही पायऱ्या आज सांगतो.

संगणक सुरूच होत नसेल, तर आधी वीज पाहा. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून बघा. तो लागला नाही तर दोष भिंतीत आहे. खोक्याचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच असेल, तर मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा. झाडू मारताना ती सैल होते, हा घरोघरचा अनुभव आहे.

पडद्यावर इंग्रजी सूचना आली की आपण घाबरून ती पटकन बंद करतो. तसं करू नका. मोबाइलवर तिचा फोटो काढा. "काहीतरी आलं होतं," असं सांगितलं तर कारागीर अंदाज बांधतो. नेमके शब्द दाखवले तर तो कारण शोधतो.

संगणक विचित्र वागत असेल तर तो रिस्टार्ट करावा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एक गोम आहे. पुन्हा लवकर सुरू होता यावं म्हणून 'शट डाउन' करताना बऱ्याच संगणकांवर आतली काही स्थिती जशीच्या तशी जपली जाते. त्यामुळे रोज रात्री बंद करूनही जुना गोंधळ सकाळी हजर असतो. 'रिस्टार्ट' निवडलं तर सगळी मांडामांड नव्यानं होते. म्हणून अडचण आली की शट डाउन न करता रिस्टार्ट करा.

शेजारच्या काकूंचा ई-मेलचा पासवर्ड एकदा अचानक चालेना. कोणीतरी खातं पळवलं, अशी त्यांची खात्री झाली होती. प्रत्यक्षात आदल्या रात्री त्यांनी बहिणीला मराठीत पत्र लिहिलं होतं आणि कीबोर्ड मराठीतच राहिला होता. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे चूक कळत नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ भाषा दिसते. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की ती बदलते. कॅप्स लॉक आणि नम लॉकही तपासा.

दुसरा फसवा बिघाड तारखेचा. इंटरनेट चालू असतं, पण एकामागून एक संकेतस्थळं 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत. अशा वेळी घड्याळ बघा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल, तर संकेतस्थळांची प्रमाणपत्रं संगणकाला अवैध वाटतात. तारीख दुरुस्त केली की काम होतं. डेस्कटॉप बंद केल्यावर तारीख दरवेळी मागे जात असेल, तर आतला बटणासारखा सेल संपलेला असतो. बहुतेक वेळा तो 'सीआर २०३२' जातीचा असतो. २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून हे नाव. वायर काढून तो बदलता येतो.

इंटरनेटच बंद असेल, तर त्याच वाय-फायवर मोबाइल चालतो का पाहा. मोबाइलही चालत नसेल, तर संगणकाला दोष देऊ नका. राउटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा, सुरू करा.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. कधी अचानक पूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजू लागतो. 'तुमचा संगणक बंद केला आहे, या क्रमांकावर फोन करा,' असा मजकूर असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीच नसतो, हे त्या कंपनीनंच सांगितलेलं आहे. फोन करू नका आणि कोणाच्या सांगण्यावरून कुठलंही ॲप घेऊन त्याच्या हाती आपला संगणक देऊ नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, यादीतून ब्राउझर निवडून तो बंद करा. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवा.

आणि कुठे थांबायचं, हेही ठाऊक हवं. हार्ड डिस्कमधून 'टक टक' असा आवाज येऊ लागला, तर संगणक बंद करा आणि माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिलं तर उरलंसुरलंही जातं. चुकून काही पुसलं गेलं, तर त्या डिस्कवर नवीन काही साठवू नका. हार्ड डिस्कवर पुसलेलं कधीकधी परत मिळतं. त्यावर नवीन लिहिलं गेलं की आशा संपते. मी तर त्याच संध्याकाळी सगळे प्रोग्रॅम पुन्हा भरले होते.

म्हणून आज संध्याकाळी एक काम करा. फोटो, पत्रं, हिशेब, आवाज, जे परत मिळणार नाही ते सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. उतरवल्यावर त्यातल्या दोन-चार फाइली उघडून पाहा, मगच डिस्क काढून कपाटात ठेवा. आणखी एक प्रत भावाच्या किंवा लेकीच्या घरी असू द्या. घरात पाणी शिरलं किंवा चोरी झाली, तरी ती वाचते.

आणि कोणी म्हणालं, "फॉरमॅट मारू का?" तर न लाजता विचारा, "त्यानं काय काय पुसलं जाईल?" हा प्रश्न विचारायला फार शिक्षण लागत नाही. तो मी विचारला नाही, म्हणून माझ्या नातवानं आपल्या पणजोबांचा आवाज कधी ऐकला नाही.