रंगाविना वस्त्र : जॉन वुलमन यांची व्यवहारशुद्धी



आत्मशुद्धी म्हटली की उपवास, प्रार्थना, एकांत यांचे स्मरण होते. परंतु गृहस्थाच्या आयुष्याचा मोठा भाग दुकानात आणि बाजारात जातो. तेथे मन निर्मळ कसे राखावे, हा प्रश्न प्रत्येक धर्मापुढे आहे. ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाचे उत्तर एका शिंप्याने, एका कापडविक्रेत्याने आपल्या आचरणातून दिले. त्यांचे नाव जॉन वुलमन.

वुलमन यांचा जन्म 1720 साली न्यू जर्सी या तत्कालीन ब्रिटिश वसाहतीत, क्वेकर पंथाच्या कुटुंबात झाला. या पंथात सर्वजण मौन धरून एकत्र बसतात आणि प्रत्येकाच्या अंतरी ईश्वरी प्रकाश असतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. बालपणी वुलमन यांच्या हातून दगड लागून एक रॉबिन पक्षीण मेली. मातृहीन पिले उपाशी तडफडतील म्हणून ती पिलेही त्यांनी मारली. या दुहेरी हिंसेची टोचणी त्यांना फार लागली आणि प्राणिमात्राविषयीची करुणा तेव्हापासून त्यांच्या मनात रुजली.

तरुणपणी ते माउंट हॉली गावात एका दुकानात नोकरीस होते. मालकाने एक निग्रो दासी विकली आणि विक्रीखत लिहिण्यास त्यांना सांगितले. घेणारा समोर बसला होता, तोही त्यांच्याच पंथाचा वृद्ध गृहस्थ. वुलमन यांनी खत लिहिले, पण गुलामगिरी ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असे दोघांच्या तोंडावर सांगितले. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. पुढे लोक मृत्युपत्र लिहून घेण्यास येत, तेव्हा गुलाम वारसाकडे सोपवण्याचा मजकूर लिहिण्यास ते नकार देत. या नकारामुळे काही गुलाम मुक्तही झाले. 1754 साली त्यांनी या विषयावर निबंध प्रसिद्ध केला.

त्यांचे स्वतःचे दुकानही चांगले चालू लागले. अस्तर, बटणे अशा शिवणसामानापासून सुरुवात होऊन पुढे कापडाचे तागे आले, गिऱ्हाईक वाढले. केवळ मिरवण्यासाठी घ्यायच्या वस्तू विकणे त्यांना रुचत नसे. गरीब गिऱ्हाईक उधारीवर महाग माल मागू लागले, की स्वस्त व उपयोगाचा माल घ्या, असे ते सुचवीत. तरीही धंद्याचा व्याप मनाची शांती हिरावून घेत आहे, हे त्यांना जाणवले. 1756 च्या सुमारास, भरभराटीच्या काळात, त्यांनी दुकानदारी आवरती घेतली. गिऱ्हाइकांना आधी कल्पना दिली, जेणेकरून त्यांनी दुसरे दुकान पाहावे. शिवणकाम आणि सफरचंदाची बाग एवढ्यावर संसार चालवला.

कापडाच्या व्यवहारात मुरलेल्या या माणसाने नंतर रंगीत वस्त्रांचाही त्याग केला. वस्त्र रंगवण्याने मळ जात नाही, झाकला जातो. स्वच्छता हवी तर वस्त्र धुवावे, असा त्यांचा विचार होता. म्हणून 1762 च्या सुमारास ते बिनरंगी कपडे आणि नैसर्गिक रंगाची टोपी वापरू लागले. त्याच वेळी काही हौशी मंडळींत पांढऱ्या टोप्यांची फॅशन होती. त्यामुळे वुलमनही फॅशनच्या मागे लागले, असा काहींचा समज झाला आणि निकटचे स्नेहीही दूर राहू लागले. त्यांना याचे दुःख झाले, पण त्यांनी टोपी बदलली नाही. गुलामांच्या श्रमातून येणारी साखरही त्यांनी वर्ज्य केली. गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी पाहुणचार घ्यावा लागला, तर निघताना ते गुलामांसाठी चांदीची नाणी ठेवीत.

विशेष हे, की या कठोर माणसाच्या वाणीत कठोरता नव्हती. गुलाम बाळगणाऱ्या बांधवांच्या घरी जाऊन ते सौम्यपणे बोलत. 1758 साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने अशा भेटींसाठी प्रतिनिधी नेमले, त्यांत वुलमनही होते. 1776 मध्ये त्याच सभेने गुलाम बाळगणाऱ्या सदस्यांना पंथातून वगळण्याचा निर्णय घेतला. तो दिवस पाहण्यास वुलमन हयात नव्हते. 1772 साली ते इंग्लंडला गेले. जहाजाच्या सजवलेल्या केबिनऐवजी खलाशांजवळच्या कोंदट जागेतून त्यांनी प्रवास केला. घोडागाड्यांचे घोडे आणि त्यांवरची मुले यांचे हाल होत, म्हणून इंग्लंडमध्ये ते पायी फिरले. यॉर्क येथे देवीच्या रोगाने 7 ऑक्टोबर 1772 रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या खर्चासाठी आपले कपडे द्यावेत, अशी सूचना त्यांनी करून ठेवली होती.

सज्जनहो, वुलमन यांनी संसार सोडला नाही. विक्रीखत, खातेवही, टोपी, साखर, प्रवास या रोजच्या गोष्टींतच त्यांनी आपला धर्म तपासला. हातात आलेली वस्तू कोणाच्या दुःखातून आली आहे, हे विचारण्याची सवय त्यांनी स्वतःला लावली आणि उत्तर गैरसोयीचे आले तेव्हा नफ्याचा व लौकिकाचा तोटा सोसला. दुकान उघडताना हा प्रश्न मनात असला, तर दुकान हीदेखील साधनेची जागा होऊ शकते.